नर किती? माद्या किती?

विद्यार्थी मित्रांनो, अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमण्यांमध्ये चिमणा कोणता आणि चिमणी कोणती, हे तुम्ही चटकन सांगाल. डोक्यावर राखी टोपी आणि गळ्याखाली काळा डाग असलेला तो चिमणा. फिकट तपकिरी, डाग नसलेली ती चिमणी. मोर आणि लांडोर यांच्याबाबत तर शंकेला जागाच नाही.

आता शाळेच्या कौलांवर बसलेल्या कावळ्यांकडे पाहा. त्यांतला नर कोणता? मैदानावर जोडीने फिरणाऱ्या साळुंक्यांमध्ये मादी कोणती? तारेवरचा कोतवाल, झुडपातला बुलबुल, खिडकीतला पारवा यांचे काय? कितीही वेळ निरखून पाहा, नुसत्या रूपावरून तुम्हाला खात्रीने सांगता येणार नाही. गाय-बैल किंवा शेळी-बोकड यांची ओळख शरीराच्या बाहेरच्या अवयवांवरून पटते. बहुसंख्य पक्ष्यांमध्ये तशी खूण बाहेर नसतेच. वृषण काय किंवा अंडकोश काय, सारे पोटाच्या आत, पिसांच्या पांघरुणाखाली लपलेले असते.

तुम्ही म्हणाल, ‘पक्षी नर असो की मादी, आपल्याला काय त्याचे?’ पण रानावनांत पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. एखादी पक्ष्यांची जात पृथ्वीवर टिकणार की कायमची नाहीशी होणार, हे कधी कधी याच एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. ते कसे, हे आपण पाहू. पण त्याआधी हे ओळखण्याचे काम किती फसवे आहे ते समजून घेऊ.

नावाने केलेली फसगत

वसंत ऋतूत आमराईतून ‘कुहू कुहू’ असा स्वर ऐकू येतो. आपण म्हणतो, ‘कोकिळा गाते आहे.’ गोड गळ्याच्या गायिकेलाही आपण कोकिळेचीच उपमा देतो. प्रत्यक्षात ‘कुहू’ ही साद घालतो तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढुरके ठिपके असतात. तिचा आवाज ‘किक् किक् किक्’ असा तुटक असतो. म्हणजे शतकानुशतके आपण कोकिळाच्या गाण्याचे श्रेय कोकिळेला देत आलो!

सुगरणीचेही तसेच. बाभळीच्या फांदीला लोंबणारे सुबक घरटे पाहून आपण त्या पक्ष्याला ‘सुगरण’ हे स्त्रीलिंगी नाव दिले. पण ही विणकर मादी नव्हे, नर! १९३० सालच्या पावसाळ्यात प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्यांच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो. मग माद्या येऊन घरट्यांची पाहणी करतात. एखादीला घरटे पसंत पडले की ती त्याचा ताबा घेते आणि नर ते पुरे करतो. नंतर तो तिथे स्वस्थ बसत नाही. दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. विणीच्या हंगामात नराच्या डोक्यावर पिवळाधमक रंग चढतो. म्हणूनच नर कोण आणि मादी कोण हे तेव्हा दुरूनही कळते. हंगाम सरला की मात्र तो रंग जातो आणि नर पुन्हा मादीसारखाच, चिमणीवजा दिसू लागतो. हेच निरीक्षण डिसेंबरात करायला बसले असते, तर हाती काय लागले असते?

रंगावर भरवसा किती?

सुगरणीच्या उदाहरणावरून एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. रंगावरून केलेली ओळख बाराही महिने चालत नाही. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात निळ्या-जांभळ्या तेजाने झळकतो. पुढे ती पिसे गळून पडली की त्याचे पोट मादीसारखेच पिवळट होते. छातीवर तेवढा एक काळपट पट्टा उरतो.

वयाचीही अडचण असते. आपल्या नेहमीच्या हिरव्या पोपटात नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असते, मादीला ती नसते. मग कंठी नसलेला प्रत्येक पोपट मादी समजावा का? नाही. नराला ही कंठी यायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर तरुण नर मादीसारखाच दिसतो.

शिवाय ‘झगमगीत तो नर, साधी ती मादी’ हा नियमही सर्वत्र लागू पडत नाही. आपल्याकडच्या दलदलीत राहणाऱ्या रंगीत पाणलाव्यात मादी अधिक रंगीत असते. अंडी उबविण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो. तेव्हा त्याचा रंग झाडोऱ्यात मिसळून जाणारा असणे हेच सोयीचे नाही का? न्यू गिनीच्या बाजूला इक्लेक्टस नावाचा पोपट आहे. त्याचा नर हिरवागार आणि मादी लालभडक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शास्त्रज्ञ या दोघांना दोन निराळ्या जाती समजत होते!

आणखी एक गंमत पाहा. पक्ष्यांना जंबुपार म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरण दिसतात, आपल्याला दिसत नाहीत. युरोपातील ब्लू टिट या चिमुकल्या पक्ष्याचे नर-मादी आपल्याला जवळजवळ सारखेच वाटतात. पण नराच्या डोक्यावरची निळी पिसे जंबुपार प्रकाश अधिक परावर्तित करतात, असे १९९८ साली दिसून आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नर-मादी सारखे मानल्या गेलेल्या १३९ जातींची पिसे उपकरणांनी तपासली गेली. त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जातींत पक्ष्यांच्या नजरेला फरक दिसत असावा, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा ‘नर-मादी सारखे’ या शब्दांचा खरा अर्थ ‘आपल्या डोळ्यांना सारखे’ एवढाच घ्यायचा.

अभ्यासक काय करतात?

पहिला मार्ग वागणुकीचा. पारव्यांत मान फुगवून, घुमत, गिरक्या घेत दुसऱ्याच्या मागे लागणारा सहसा नर असतो. पारव्यांच्या घरट्यावर दोघेही पाळीपाळीने बसतात. त्यांच्या पाळ्या बऱ्याच ठरलेल्या असतात. सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत बहुधा नर, आणि तिथून रात्रभर, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मादी. म्हणजे येथे घड्याळही ओळख पटवायला मदत करते.

दुसरा मार्ग मोजमापाचा. परवानगी घेतलेले अभ्यासक अतिशय बारीक धाग्यांच्या जाळ्यात पक्षी अलगद पकडतात, त्याच्या पायात क्रमांक घातलेले हलके कडे अडकवितात, पंख, चोच, पाय यांची मापे घेतात, वजन करतात आणि त्याला सोडून देतात. अनेक जातींत नर थोडा मोठा असतो. शिकारी पक्ष्यांत बहुधा उलट, मादी मोठी असते. पण मोठ्या मादीची आणि लहान नराची मापे पुष्कळदा एकसारखी येतात. तुमच्या वर्गाचेच उदाहरण घ्या. उंचीच्या सरासरीवरून एखाद्या गटाविषयी काही सांगता येईल, पण नुसत्या उंचीवरून तो मुलगा की मुलगी हे ओळखता येईल का?

तिसरा मार्ग विणीच्या काळातल्या खुणांचा. अंडी उबविणाऱ्या पक्ष्याच्या पोटावरची पिसे गळून तेथे उघडी, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा दिसू लागते. अंड्यांना अंगाची ऊब थेट मिळावी यासाठी ही योजना. ज्या जातींत फक्त मादी अंडी उबविते, तेथे ही खूण मादीची. पण दोघेही उबवीत असतील तर ती दोघांतही आढळू शकते, आणि पाणलाव्यासारख्या पक्ष्यात ती नराची खूण ठरते. अनेक लहान गाणाऱ्या पक्ष्यांत याच काळात नराच्या गुदद्वाराजवळचा भाग फुगीर होतो. हंगाम संपला की दोन्ही खुणा नाहीशा होतात.

चौथा मार्ग पोटात डोकावून पाहण्याचा. पक्ष्याला भूल देऊन त्याच्या डाव्या कुशीला बारीक छेद घेतात आणि आत दुर्बिणीची नळी घालून पाहतात. डाव्याच कुशीला का? कारण बहुतेक पक्ष्यांच्या मादीत फक्त डावा अंडकोश वाढलेला असतो. ही पद्धत खात्रीची. पण रानातल्या पक्ष्याच्या जिवाला तिचा धोका असतो.

रक्ताच्या एका थेंबात

१९९० नंतरच्या दशकात पाचवा मार्ग सापडला. तो समजण्यासाठी गुणसूत्रांची ओळख हवी. माणसात स्त्रीची लिंग-गुणसूत्रे ‘एक्स-एक्स’ आणि पुरुषाची ‘एक्स-वाय’ असतात, हे तुम्ही शिकला आहात. पक्ष्यांत याच्या उलट असते. नराची दोन्ही गुणसूत्रे सारखी, ‘झेड-झेड’. मादीची मात्र निराळी, ‘झेड-डब्ल्यू’. म्हणजे माणसात अपत्याचे लिंग पित्याकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते, तर पक्ष्यांत मातेकडून आलेल्या गुणसूत्रावर.

‘सीएचडी’ नावाचे एक जनुक झेड आणि डब्ल्यू या दोन्ही गुणसूत्रांवर असते. दोन्ही ठिकाणी त्याच्या एका भागाची लांबी मात्र वेगळी असते. प्रयोगशाळेत डीएनएच्या या भागाच्या असंख्य प्रती तयार करतात आणि जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरातून विजेच्या साहाय्याने त्या सरकवितात. लहान तुकडे लवकर पुढे जातात, मोठे मागे राहतात. शेवटी एकच पट्टी दिसली तर पक्षी नर. दोन पट्ट्या दिसल्या तर मादी. रिचर्ड ग्रिफिथ्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुतेक पक्ष्यांना लागू पडणारी अशी चाचणी १९९८ साली प्रसिद्ध केली. शहामृग आणि एमू यांच्यासारखे पक्षी याला अपवाद. त्यांची झेड आणि डब्ल्यू गुणसूत्रे जवळजवळ सारखीच असल्याने त्यांच्यासाठी निराळी चाचणी लागते.

या चाचणीला किती रक्त लागते? एक थेंब पुरतो. आपल्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसतो. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत तो असतो. म्हणून त्या थेंबात डीएनए भरपूर मिळतो. काही वेळा तर जमिनीवर गळून पडलेले पीसही पुरते. पक्ष्याला हात लावण्याचीसुद्धा गरज नाही!

अठरा पक्षी, आणि सगळे नर

आता आपण न्यूझीलंडला जाऊ. तेथे काकापो नावाचा एक विलक्षण पोपट आहे. नाव ऐकून तुम्हाला हसू येईल. पण तिथल्या माओरी भाषेत ‘काका’ म्हणजे पोपट आणि ‘पो’ म्हणजे रात्र. हा रात्री हिंडणारा पोपट आहे. त्याला उडता येत नाही, आणि जगातल्या सर्व पोपटांत तो वजनदार आहे. शेवाळी हिरव्या रंगात नर आणि मादी जवळजवळ सारखेच दिसतात. नर आकाराने मोठा, त्याची चोच रुंद, मादी सडपातळ.

काकापोच्या प्रदेशात पूर्वी मांसाहारी सस्तन प्राणी नव्हते. युरोपातून आलेल्या लोकांबरोबर मांजरे आली, स्टोट नावाचा मुंगसासारखा चपळ प्राणी आला, आणि जमिनीवर राहणारे काकापो झपाट्याने नाहीसे होऊ लागले. १९७४ पासून डॉन मर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिओर्डलँड या दुर्गम डोंगराळ भागात हेलिकॉप्टरने जाऊन शोध घेतला. तेथे काकापो होते! विणीच्या काळात नर उंचावर जमिनीत वाटीसारखे खळगे करतो. त्यांत बसून तो छाती फुगवून ‘बूम्... बूम्...’ असा घुमणारा आवाज काढतो. तो कित्येक किलोमीटरवर ऐकू जातो. रात्रीमागून रात्री ही साद दऱ्याखोऱ्यांत घुमत होती.

१९७७ पर्यंत तेथे १८ पक्षी सापडले. पण मित्रांनो, ते सगळे नर होते. मादी एकही नाही.

असे का झाले असावे? काकापोचा नर अंड्यांकडे फिरकत नाही. सुमारे महिनाभर अंडी उबविणे आणि नंतर जवळजवळ अडीच महिने पिल्ले वाढविणे हे सारे मादी एकटीच करते, तेही जमिनीवरच्या घरट्यात. घरट्याला खिळलेली मादी स्टोटच्या तावडीत सापडते, नर वाचतो. काकापो कित्येक दशके जगतो. म्हणून माद्या संपल्यावरही नर साद घालीतच राहिले. ऐकणाऱ्याला वाटावे, पक्षी आहेत! पण त्या दऱ्यांतून काकापो हळूहळू संपत होता. केवळ ‘१८ पक्षी’ असा आकडा लिहून कोणी थांबले असते, तर हे कळलेच नसते.

१९७७ साली दक्षिणेकडच्या स्टुअर्ट बेटावर काकापोंचे खळगे सापडले. तेथे शंभराहून अधिक पक्षी असावेत असा अंदाज होता. तरी धाकधूक होतीच, हेही सगळे नरच असले तर? १९८० साली तेथे मादी सापडली आणि जातीला आशा आहे हे निश्चित झाले. पण त्या बेटावरही मांजरे होती. म्हणून पुढल्या काळात पक्ष्यांना मांजरे नसलेल्या छोट्या बेटांवर हलविण्यात आले. फिओर्डलँडमधून आणलेल्या ‘रिचर्ड हेन्री’ नावाच्या एका नराला १९९८ साली पिल्ले झाली आणि त्या भागातल्या काकापोंचा वंश तेवढ्यापुरता का होईना, टिकला.

१९९५ साली माहीत असलेल्या काकापोंची संख्या अवघी ५१ होती, आणि त्यांत माद्या कमी होत्या. माद्यांनी अधिक वेळा अंडी घालावी म्हणून त्यांना जास्तीचे अन्न दिले जात होते. मग पिल्लांची नोंद तपासताना एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ज्या माद्यांना जास्तीचे अन्न मिळे त्यांना नर पिल्लेच अधिक होत! काकापोत धष्टपुष्ट नराची अनेक माद्यांशी जोडी जमते. तेव्हा खाऊन-पिऊन सुदृढ असलेल्या मातेला मुलगे होणे वंशवाढीच्या दृष्टीने फायद्याचे ठरते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. माणसाने चांगल्या हेतूने घातलेला घास नेमकी नको ती गोष्ट घडवीत होता. मग अन्नाचे प्रमाण बदलले. माद्यांना अंडी घालण्याइतकी ताकद यावी, पण त्या फार वजनदार होऊ नयेत, अशा बेताने त्यांना खाऊ घातले. २००२ च्या हंगामात २४ पिल्ले जगली आणि नरांकडे झुकलेले पारडे सावरले. २०२२ साली काकापोंची संख्या २५० च्या पुढे गेली होती. पिल्लांमध्ये नर किती आणि माद्या किती हे मोजलेच नसते, तर ही चूक कोणाच्या ध्यानात आली असती?

उशीर झाला तेव्हा

सर्वच गोष्टींचा शेवट असा गोड होत नाही. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनारी दलदलीत ‘डस्की सीसाइड स्पॅरो’ नावाचा चिमणीएवढा, सावळा पक्षी होता. डासांच्या बंदोबस्तासाठी केलेली फवारणी आणि पाण्याखाली घातलेली दलदल यांमुळे त्याचे घर उद्ध्वस्त झाले. १९७५ नंतर त्याची मादी कोणाला दिसली नाही. १९७९-८० मध्ये उरलेसुरले पक्षी पकडून आणले, तर ते सारे नर! १९८७ च्या जून महिन्यात त्यांतला शेवटचा नर मेला आणि ही उपजात संपली.

ब्राझीलमधील स्पिक्सचा मकाव हा निळा पोपट १९९० साली रानात एकटाच उरला होता. बंदिवासात काही पक्षी होते. त्यांतला जोडीदार त्याच्यासाठी सोडायचा, पण नर सोडायचा की मादी? या जातीत नर-मादी सारखेच दिसतात, आणि त्या एकमेव पक्ष्याला पकडणे धोक्याचे होते. त्याच्या गळून पडलेल्या पिसातील डीएनए तपासला. तो नर निघाला. १९९५ साली त्याच्यासाठी मादी सोडण्यात आली. पण काही आठवड्यांतच ती नाहीशी झाली. २००० सालानंतर तो नरही दिसला नाही. बंदिवासात जात जगली होती, म्हणून २०२२ साली तेथील रानात पुन्हा काही पक्षी सोडता आले.

तुम्हीही करून पाहा

मित्रांनो, या अभ्यासासाठी पक्षी पकडायचा नाही. परवानगीशिवाय वन्य पक्षी पकडणे हा कायद्याने गुन्हा आहे. घरट्यालाही हात लावू नका. तुम्हाला फक्त एक वही, पेन्सिल आणि चिकाटी हवी.

शाळेच्या आवारातल्या चिमण्या, पोपट, दयाळ, कोकीळ यांची महिनाभर नोंद ठेवा. तारीख, वेळ, जागा लिहा आणि तीन रकाने पाडा: ‘नर’, ‘मादी’ आणि ‘सांगता येत नाही’. कंठी नसलेला पोपट दिसला तर तो कोणत्या रकान्यात घालाल, याचा वर्गात विचार करा. जिन्याच्या कोनाड्यात पारव्याचे घरटे असेल तर सकाळी शाळा भरताना, दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळी दुरून पाहा. घरट्यावरचा पक्षी बदलला का? मानेवरच्या किंवा पंखावरच्या एखाद्या खुणेवरून दोघे वेगळे ओळखता येतात का? नसल्यास ते कसे ओळखता येतील?

आणि तिसरा रकाना भरायला लाजू नका. कावळे आणि साळुंक्या पाहाल तेव्हा बहुतेक नोंदी त्याच रकान्यात जातील. तिथे अंदाजाने ‘नर’ किंवा ‘मादी’ लिहिण्यापेक्षा ‘सांगता येत नाही’ हे उत्तरच अधिक शास्त्रीय आहे.